काळे करायचे की सोनेरी? घरच्या घरी भाज्या आणि फळे विस्तवावर भाजण्याची रीत

खान्देशातल्या माणसाला भाजी विस्तवावर भाजायला शिकवावे लागत नाही, असा आमच्या घरात बराच काळ समज होता. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) पेटवून टोपलीभर वांगी भाजणारे हात घरात असताना शेगडी आणि जाळी ती काय मोठी, अशा थाटात आम्ही एका संध्याकाळी गच्चीवर निखारे केले आणि गिलके (घोसाळे), गंगाफळ (लाल भोपळा), ढोबळी मिरची व कांदा चिरून सगळे एकदमच जाळीवर टाकले. दहा मिनिटांत गिलक्याची वरची बाजू कोळसा झाली आणि आत पाणी तसेच राहिले, गंगाफळाची फोड बाहेरून काळी व आतून कच्ची निघाली आणि कांद्याच्या सुट्या पाकळ्या जाळीतून निखाऱ्यांत पडल्या. चूक विस्तवाची नव्हती. भरिताचा हात चिरलेल्या भाजीला लावला, ही चूक होती.

भरिताच्या वांग्याला साल असते आणि ती शेवटी टाकून द्यायची असते. म्हणूनच ते जाळावर निर्धास्तपणे काळे करता येते. साल जळते, आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि जळक्या सालीचा धुरकट वास तेवढा गरात उतरतो. चिरलेल्या फोडीचे नेमके उलटे असते. तिथे विस्तवाकडे असलेली बाजू हीच खायची बाजू असते, त्यामुळे ती सोनेरी ते तपकिरी व्हायला हवी आणि काळे पट्टे आलेच तर ते जाळीच्या गजांइतकेच रुंद असावेत. घरी भाजायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणतीही भाजी किंवा फळ हातात घेतल्यावर आधी स्वतःला एवढेच विचारावे, की याची साल मी टाकणार आहे की खाणार आहे. टाकणार असाल तर ज्वाळ चालते, खाणार असाल तर निखारा हवा. पुढचे सगळे नियम बहुतेक याच भेदातून निघतात.

पाणी आधी, रंग नंतर

भाज्या आणि फळे म्हणजे मुख्यतः पाणी. वांग्यात आणि कलिंगडात वजनाच्या सुमारे ९२ टक्के, टोमॅटोत त्याहून थोडे जास्त आणि पिकलेल्या केळ्यातही जवळपास ७५ टक्के पाणी असते. जोवर फोडीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खरपूस रंग व वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे नीट तयार होऊ लागतो. साखर आणि प्रथिने यांच्यात घडणाऱ्या ज्या प्रक्रियेमुळे भाकरीवर खरपूस डाग पडतात व भाजलेल्या शेंगदाण्याला वास येतो, तीच ही प्रक्रिया, आणि ज्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले त्या लुई कामिय मायार यांचे नाव तिला आहे. याचा स्वयंपाकघरातला अर्थ असा, की ओली फोड जाळीवर ठेवली तर ती भाजत नाही, उकडते; आणि उकडता उकडता पाणी संपेपर्यंत ती लिबलिबीत झालेली असते. म्हणून धुतलेली भाजी चिरण्याआधी कोरड्या सुती फडक्याने पुसावी आणि चिरल्यावर कापलेली बाजू पुन्हा एकदा टिपून घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात.

साधने

साधनांसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. अंगण किंवा गच्ची असेल तर कोळशाची लोखंडी शेगडी आणि तिच्यावर बसेल अशी जाड गजांची जाळी पुरते. जाळी लोखंडाची किंवा स्टीलची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली, चकचकीत राखाडी दिसणारी कुंपणाची जाळी कापून वापरू नये, कारण खूप तापल्यावर त्या मुलाम्यातून निघणारा धूर घातक असतो. गजांमधील अंतर बोटभरापेक्षा जास्त नसावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी गॅसवर ठेवण्याचा बिडाचा, उंच रेघा असलेला तवा सर्वांत भरवशाचा. तो जड असल्याने एकदा तापला की फोड ठेवल्यावर लगेच गार होत नाही. मात्र तो मध्यम आचेवर पाच ते सात मिनिटे आधी तापवावा लागतो. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नुसता उकळत न बसता नाचत उडून गेला, की तवा तयार झाला असे समजावे. नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून असा तापवू नये, कारण त्याचा लेप सुमारे २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो. पापड भाजण्याची पातळ जाळी गॅसवर ठेवून अख्खे वांगे, ढोबळी मिरची किंवा कणीस भाजता येते, परंतु चिरलेल्या फोडींसाठी ती उपयोगाची नाही. तिच्यावर ज्वाळ थेट लागते.

याशिवाय लांब चिमटा, पातळ पात्याचे उलथणे, तेल लावायला ब्रश किंवा अर्धा कांदा काट्याला टोचून केलेला बोळा, आणि लहान फोडींसाठी सळया हव्यात. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर त्या निदान अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवाव्यात, नाहीतर फोडीआधी काडीच पेट घेते.

एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. कोळशाची शेगडी घरात, बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत पेटवू नये आणि भाजणे संपल्यावर ऊब घ्यायला आतही आणू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो जीव घेतो. दुसरी काळजी आपल्या भागाची आहे. दिवाळीनंतर अनेक घरांत कापूस साठवलेला असतो, गोठ्याशेजारी कडब्याची गंजी असते आणि संध्याकाळी वारा सुटतो. शेगडी या दोन्हींपासून दूर, वारा ठिणग्या त्यांच्याकडे नेणार नाही अशा बाजूस मांडावी आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी. निखारा उडून गेलेला कळत नाही. कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

विस्तव तयार करणे

लाकडी कोळसा पेटवण्यासाठी रॉकेल ओतण्याची सवय सोडून द्यावी, कारण तो वास फोडीला लागतो आणि मसाल्यानेही झाकला जात नाही. शेगडीत खाली वाळलेल्या काटक्या किंवा गोवरीचा तुकडा पेटवून वर कोळसे सैल रचावेत, हवा खालून जाऊ द्यावी आणि थांबावे. पंधरा मिनिटांनी कोळसे लाल दिसतील व भाजी टाकण्याचा मोह होईल, तो टाळावा. वीस ते पंचवीस मिनिटांनी कोळशांवर राखेचा पांढुरका थर चढतो व ज्वाळ जवळजवळ थांबते, तेव्हा विस्तव भाजण्याजोगा होतो. रंग दिलेले लाकूड, प्लायवूड, खोक्यांच्या फळ्या यांचा वापर सर्पण म्हणून कधीही करू नये.

पऱ्हाट्यांविषयी वेगळे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्या मुबलक असतात आणि भरीत म्हटले की त्याच आठवतात. पऱ्हाटी भसकन पेटते, मोठी ज्वाळ देते आणि लवकर संपते. अख्ख्या वांग्याला हेच हवे असते. चिरलेल्या भाजीला हे मुळीच चालत नाही. शिवाय कपाशीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून जिथे साल टाकून द्यायची आहे तिथेच मी पऱ्हाट्या वापरतो. तुराट्यांचेही तसेच. बाभळीच्या लाकडाचे निखारे मात्र फोडींसाठी उत्तम: ते जड असतात, सावकाश जळतात आणि चांगला अर्धा पाऊण तास एकसारखी आच देतात.

निखारे तयार झाले की ते संपूर्ण शेगडीभर सारखे पसरू नयेत. दोन तृतीयांश भागात दाट लावावेत आणि एक तृतीयांश भाग जवळजवळ रिकामा ठेवावा. याने जाळीवर दोन जागा तयार होतात: एक रंग आणण्याची, दुसरी आतपर्यंत शिजवण्याची. नवशिक्याची निम्मी फजिती या एका मांडणीने टळते, कारण काही करपू लागले तर विस्तव कमी करत बसण्याऐवजी फोड बाजूला सरकवता येते.

आच मोजायला तापमापक लागत नाही. जाळीच्या वर साधारण १२ सेंटीमीटर, म्हणजे चार बोटांच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतरावर तळहात धरावा. दोन ते तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच तीव्र, चार ते पाच सेकंद सहन झाली तर मध्यम आणि सात-आठ सेकंद धरता आला तर मंद. चिरलेल्या बहुतेक भाज्यांना मध्यम आच लागते. तीव्र आच केवळ त्यांनाच, ज्यांना आत शिजायची गरज नाही.

चिरणे, तेल आणि मीठ

फोडीची जाडी एक ते दीड सेंटीमीटर असावी. त्याहून पातळ फोड उलटण्याआधीच मोडते, जाड फोड आतून कच्ची राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या फोडी सारख्या असाव्यात. कांदा आडवा जाड चकत्यांत कापावा, पाकळ्या सुट्या करू नयेत आणि प्रत्येक चकतीत बाजूने दातकोरणे किंवा भिजवलेली काडी घुसवावी, म्हणजे ती एकसंध राहते. गिलके व दोडके लांबट तिरके कापावेत, जेणेकरून जाळीला टेकणारा भाग मोठा होतो. भेंडी, मिरच्या आणि कोवळ्या गवारीच्या शेंगा चिरूच नयेत. दोन समांतर काड्यांवर शिडीसारख्या ओवल्या की एका झटक्यात सगळ्या उलटता येतात.

तेल जाळीला नव्हे, फोडीला लावावे. एक किलो भाजीला दोन मोठे चमचे तेल पुरते. हाताने चोळले तर त्याहूनही कमी लागते. जास्तीचे तेल निखाऱ्यावर गळते, त्याचा भडका उडतो आणि त्या काजळीचा कडवट थर भाजीवर बसतो. आपल्या घरांत शेंगदाण्याचेच तेल असते व ते या कामाला योग्यच आहे. रिफाइंड तेल अधिक आच सहन करते, घाण्याचे तेल लवकर धुरकटते, म्हणून घाण्याचे वापरायचे असेल तर मध्यम आचेच्या पुढे जाऊ नये, किंवा ते भाजून झाल्यावर वरून घालावे. त्याची चव तिथेच अधिक कळते असे माझे मत आहे.

मीठ ही वादाची गोष्ट. मीठ लावून ठेवले की फोडीला पाणी सुटते आणि आपण मघाशी फडक्याने केलेली मेहनत वाया जाते. म्हणून मीठ एकतर जाळीवर ठेवण्याच्या क्षणी लावावे किंवा खाली उतरवल्यावर. अपवाद गिलके आणि दुधी यांचा: यांना मीठ लावून वीस मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी टाकून फोडी कोरड्या पुसून मगच भाजाव्यात. तिखट, हळद, धणेपूड, काळा मसाला हे सर्व कोरडे मसाले विस्तवावर फोडीच्या आधी जळतात. ते शेवटच्या मिनिटाला किंवा ताटात भुरभुरावेत.

अख्खी भाजायची ती

यात पहिला मान वांग्याचा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळचे आसोदा ही गावे या वांग्यांसाठी ओळखली जातात. हे वांगे हिरवट, पांढरट रेघांचे, मोठे आणि कमी बियांचे असते. निवडताना देठ ताजा आणि हिरवा, साल तुकतुकीत व वजन आकाराच्या मानाने हलके असलेले घ्यावे. जड वांग्यात बिया जास्त निघतात असा जुन्या माणसांचा अनुभव आहे आणि माझाही त्याहून वेगळा नाही. भाजण्यापूर्वी सालीला थोडे तेल लावून सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचावे. ही पायरी कुणी गाळू नये, कारण आतली वाफ कोंडली की वांगे फुटते आणि उकळता गर अंगावर उडतो. गॅसवर मध्यम ज्वाळेत पंधरा ते वीस मिनिटे, दर तीन-चार मिनिटांनी फिरवत भाजावे. देठाजवळचा भाग सर्वांत उशिरा शिजतो, म्हणून चिमटा तिथे दाबून पाहावा. तो भाग दबला की वांगे झाले. उतरवल्यावर पातेल्यात दहा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे साल सैल होते. साल काढताना बोटे पाण्यात बुडवावीत, पण वांगे नळाखाली धरू नये. ज्या वासासाठी इतका खटाटोप केला तोच वाहून जातो. सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्यावेत.

पुढची कृती आपल्या वाचकांना सांगणे म्हणजे आगाऊपणा ठरेल. गर लाकडी बडगीत ठेचावा, मिक्सरला लावू नये, आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर यांत तेलाचा हात आखडता घेऊ नये, इतकेच. चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने ते पुन्हा ताटात येते. तोवर थंडी पडून वांगीही चांगली झालेली असतात. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी.

ढोबळी मिरची, टोमॅटो, कच्ची केळी आणि कैरी यांनाही हीच रीत लागू पडते. ढोबळी मिरची सर्व बाजूंनी काळी करून झाकून ठेवली की साल पदरासारखी निघते आणि आतला गर गोडसर लागतो. कच्ची केळी सालीसकट भाजून, कुस्करून, त्यात तिखट, मीठ आणि लिंबू घातले की भरिताचाच एक चुलत भाऊ तयार होतो. केळीच्या जिल्ह्यात तो आणखी जास्त घरांत का होत नाही, हे मला कोडेच आहे. कैरी निखाऱ्यांच्या कडेला ठेवून मऊ करावी व तिच्या गराचे पन्हे करावे. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला तो धुरकट वास नसतो आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तो फरक चांगला जाणवतो.

रताळ्याला मात्र ज्वाळ दाखवू नये. त्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात जोमाने काम करते; रताळे त्या टप्प्यातून जितके सावकाश जाईल तितके गोड होते. म्हणून ते राखेखाली, मंद निखाऱ्याशेजारी पाऊण तास पुरून ठेवावे आणि दोनदा उलटावे. हुरड्याच्या आगटीत रताळी टाकून विसरून जाणारे लोक नकळत हेच करत असतात.

मक्याच्या कणसाच्या दोन पद्धती आहेत. वरची पाने न सोलता, पाण्यात दहा मिनिटे बुडवून, मध्यम आचेवर वीस मिनिटे भाजले तर दाणा रसाळ राहतो. सोलून थेट निखाऱ्यावर दहा मिनिटे फिरवले तर तो खरपूस आणि चिवट होतो. गाडीवरचा भुट्टा दुसऱ्या पद्धतीचा, आणि खरे सांगायचे तर मलाही तोच आवडतो. नख टोचल्यावर दुधासारखा रस निघेल असे कणीस घ्यावे आणि आणलेल्या दिवशीच भाजावे, कारण तोडल्यापासूनच दाण्यातली साखर कमी होऊन पिठूळपणा वाढू लागतो.

चिरून भाजायची ती

इथे आच मध्यम, जाळी तापलेली आणि हात स्थिर हवा. फोड ठेवल्यावर लगेच हलवू नये. सुरुवातीला ती जाळीला चिकटते. पृष्ठभाग कोरडा होऊन भाजला गेला की आपोआप सुटते. उलथणे घातल्यावर फोड विरोध करत असेल तर अजून मिनिटभर थांबावे, ओढू नये. एकदाच उलटावी.

गिलके, दोडके आणि वांग्याच्या चकत्यांना प्रत्येक बाजूस तीन ते चार मिनिटे लागतात. कांद्याच्या चकतीला पाच-सहा, ती तपकिरी झाल्यावर मंद जागेवर आणखी पाच. भेंडीला एकूण आठ मिनिटे. तिला पाण्याचा थेंबही चालत नाही, आणि कोरडी भाजली तर चिकटपणाचा मागमूस राहत नाही. गंगाफळ एक सेंटीमीटर जाडीचे, सालीसकट कापून आधी रंग आणावा आणि मग रिकाम्या बाजूला झाकण ठेवून दहा मिनिटे शिजू द्यावे. आमच्या पहिल्या दिवशीची फजिती याच एका सरकवण्याने टळली असती. बटाटा, गाजर आणि फ्लॉवर यांना आधी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडून, निथळून व पूर्ण गार करून मगच जाळीवर घ्यावे. फ्लॉवरचे तुरे सुटे न करता देठासकट उभे जाड काप काढले तर ते जाळीवर सपाट बसतात.

हिरव्या मिरच्या अख्ख्याच भाजायच्या असल्या तरी त्यांना एक लहान चीर द्यायला विसरू नये, नाहीतर त्या फुटतात. ठसक्याने सगळी गच्ची रिकामी झाल्याचा अनुभव एकदा घेतला आहे. भाजलेल्या मिरचीचा, लसणाचा आणि शेंगदाण्यांचा ठेचा मात्र तव्यावरच्या ठेच्यापेक्षा सरस होतो, एवढे मान्य करावेच लागते.

फळे

फळांचे नियम थोडे बदलतात, कारण इथे पाण्याच्या जोडीला साखर असते आणि साखर फार लवकर तपकिरीची काळी होते. फळ पिकलेले पण घट्ट असावे, आच मध्यम, वेळ थोडा, आणि जाळी आधी घासून स्वच्छ केलेली असावी. नाहीतर केळ्याला मघाच्या कांद्या-लसणाचा वास लागतो.

केळ्यापासून सुरुवात करावी. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात राहणाऱ्याला केळे विकत घेण्यापेक्षा निवडण्याचा प्रश्न असतो. कच्च्या केळ्याच्या गराचा साधारण पाचवा हिस्सा स्टार्चचा असतो आणि पिकताना त्यातला बहुतेक साखरेत बदलतो. म्हणून साल पिवळी, पण दोन्ही टोके अजून किंचित हिरवी असलेले केळे भाजायला योग्य. सालीवर काळे ठिपके आलेले केळे खायला गोड असले, तरी जाळीवर विरघळते. केळे सोलू नये. सालीसकट उभे दोन भाग करावेत, कापलेल्या बाजूला तुपाचे बोट फिरवावे, ती बाजू खाली ठेवून दोन ते तीन मिनिटे भाजावी, मग उलटून सालीच्या बाजूवर आणखी तीन मिनिटे ठेवावे. साल ही इथे ताटलीचे काम करते: गर मोडत नाही, खाली गळत नाही आणि चमच्याने सरळ खाता येतो. वरून किसलेला गूळ आणि चिमूटभर वेलदोडा घातला की वेगळे गोड करावे लागत नाही. साल टाकायची असूनही इथे ज्वाळ का नको, असे कुणी विचारेल. कापलेली बाजू उघडी आहे म्हणून. प्रश्न शेवटी उघड्या बाजूचाच असतो.

पपई शहादा भागातून भरपूर येते. निम्मी पिकलेली, नारिंगी पण नखाला घट्ट लागणारी पपई दीड सेंटीमीटर जाड कापून, लिंबू पिळून, प्रत्येक बाजूस तीन मिनिटे भाजावी व वर तिखट-मीठ घालावे. पेरूच्या जाड चकत्यांनाही तेच. अननस या सगळ्यांत सर्वांत आज्ञाधारक आहे, कारण त्याचा रेषाळ गर मोडत नाही. त्याला तीव्र आच चालते. कलिंगडाची जाड फोड तीव्र आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे भाजून खाणारे लोक आहेत. तापीकाठचे कलिंगड उन्हाळ्यात गार करून खावे आणि विस्तवाला त्रास देऊ नये, असे मी म्हणेन. गावरान रसाच्या आंब्याचीही तीच गोष्ट; तो चोखायचा असतो.

अर्धे चिरलेले लिंबू कापलेल्या बाजूने जाळीवर तीन मिनिटे ठेवून पाहावे. त्याचा रस अधिक सहज निघतो, आंबटपणाची धार थोडी बोथट होते आणि तोच रस सगळ्या भाज्यांवर पिळता येतो. एवढ्या कमी कष्टात इतका फरक पाडणारी दुसरी गोष्ट माझ्या माहितीत नाही.

क्रम आणि शेवट

पहिल्यांदा करताना दोन भाज्या आणि एक फळ एवढेच ठरवावे. विस्तव जोरात असताना आधी अख्खे वांगे किंवा ढोबळी मिरची काळी करून झाकून ठेवावी. ती मुरेपर्यंत निखारे मध्यम होतात, तेव्हा फोडी घ्याव्यात. त्या उतरल्या की जाळी तारेच्या घासणीने किंवा अर्ध्या कांद्याने घासून फळे लावावीत. भाजलेल्या फोडी एकमेकींवर रचून झाकू नयेत, वाफेने त्या पुन्हा ओल्या होतात. पसरट ताटात सुट्या ठेवाव्यात. उरलेल्या फोडी फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगल्या राहतात आणि बारीक चिरून दह्यात घातल्या की त्यांची कोशिंबीर होते.

सगळे जेवायला बसले की शेगडीत मंद आच उरलेली असते. त्या निखाऱ्यांत न सोललेले चार-पाच कांदे आणि खोबऱ्याच्या वाटीचे दोन तुकडे ठेवावेत. खोबरे पाच मिनिटांत लाल होते, त्यावर लक्ष ठेवावे व लगेच काढावे. कांदे मात्र अर्धा तास तिथेच राहू द्यावेत, बाहेरून काळे आणि आतून मऊ होईपर्यंत. दुसऱ्या दिवशीच्या शेवभाजीचे वाटण त्यातून होते. त्यानंतर निखाऱ्यांवर पाणी शिंपडून, राख पूर्ण गार झाल्याची हाताने खात्री करून मगच ती उचलावी.